मायनं खाल्लेली भिंत

आमच्या माजघरात ज्वारीच्या कणगीमागे भिंतीला तळहाताएवढा एक खळगा होता. लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी मी त्या अंधाऱ्या सांदीत शिरायची आणि खळग्याला गाल लावून बसायची. भिंत थंड असायची. ज्वारीचा कोमट, किंचित कोंदट वास यायचा, अंगणात कुठेतरी कोंबडी कुरकुरायची. बाकी सगळं शांत. बसल्या बसल्या डोळे मिटायला लागायचे आणि झोपेच्या काठावर असताना वाटायचं, आपण इथं आधीही कधीतरी होतो. यापेक्षा लहान असताना, यापेक्षा जास्त अंधारात.

त्यात फारसं खोटं नव्हतं. तो खळगा माझ्या मायनं खाल्लेला होता, मी तिच्या पोटात असताना.

आमचं गाव जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. मागे डोंगराची निळी रेघ, पुढे कपाशीची काळी वावरं. गावात गरोदर बाईला मातीचे डोहाळे लागले तर कुणाला त्याचं नवल वाटत नसे. कुणी चुलीतलं भाजकं ढेकूळ खाई, कुणी ओढ्याकाठची चिकणमाती. मायला भिंत हवी असायची. घरातली सगळी कामं उरकली की ती कणगीमागे जाई, बोट ओलं करून भिंतीवर फिरवी आणि चाटे. मग बोटानं भागेना, तेव्हा नखानं पोपडा काढून जिभेवर ठेवू लागली. पाचव्या महिन्यापासून आठवा लागेपर्यंत रोज. आठव्यात ती बाळंतपणासाठी माहेरी गेली, तेव्हा भिंतीत तळहात बसेल एवढी जागा झाली होती.

हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं आहे, की सांगणं आणि पाहणं यातला फरक माझ्यापुरता मिटला आहे. मला ती दिसते. अठरा-एकोणीस वर्षांची, डोक्यावरून पदर, तोंडात माती विरघळते आहे आणि डोळे मिटलेले. आणि मी तिच्या आत, तेच चाखते आहे.

त्याच वर्षी आमच्या गावात पहिल्यांदा फवारणीवाले आले होते.

त्याआधी हिवाळ्याच्या तोंडाला गावाला थंडीताप यायचा. डोंगराच्या कडेची सगळी गावं त्यात सापडायची. बाबांची दोन भावंडं एकाच कार्तिकात गेली होती, आठ दिवसांच्या अंतरानं. त्यामुळे खाकी चड्ड्यांतली माणसं पितळी पंप घेऊन आली, तेव्हा गावानं त्यांना गुळाचा चहा पाजला. घराघरातून भांडी, गोधड्या, पाळणे, देव सगळे अंगणात निघाले. एकजण पायाखाली पंप दाबून धरी, दुसरा नळीनं भिंतीवर दुधासारखं पाणी उडवी. वरपासून खालपर्यंत, पट्ट्या पट्ट्यांनी. वाळलं की भिंतीवर पिठासारखी पांढुरकी साय राही. दुसऱ्या दिवशी घरात माश्या, ढेकूण, पाली मरून पडलेल्या. माय सांगायची, त्या रात्री गाव पहिल्यांदा न खाजवता झोपलं.

जाताना त्यांच्या साहेबानं दाराच्या चौकटीवर गेरूनं तारीख लिहिली आणि बायांना बजावलं, तीन महिने भिंतीला हात लावायचा नाही. वरून माती पोतारायची नाही, नाहीतर औषध झाकलं जाईल आणि सगळी मेहनत वाया.

बायांनी माना हलवल्या. जीप ओढ्यापलीकडे गेली आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर पांढऱ्या मातीचा काला सुरू झाला. सण जवळ आला होता, आणि भिंतीवर ते डाग घेऊन कुणाला बसायचं नव्हतं. आठ दिवसांत गावातल्या सगळ्या भिंती पुन्हा गुळगुळीत झाल्या. एक आमचं घर सोडून.

माय दुसरी शिकलेली होती. चौकटीवरची तारीख तिला वाचता येत होती, आणि जे लिहिलेलं असतं ते खरं असतं यावर तिचा जन्मभर विश्वास होता. शेजारची काकू तिला म्हणाली, अगं, कोण पाहायला येतं. मायनं ऐकलं नाही. तीन महिने तिनं त्या भिंतीला माती लावली नाही. पुढच्या फेरीला साहेब आला तेव्हा सगळ्या बायांसमोर म्हणाला, या बाईसारखं वागायला पाहिजे सगळ्यांनी. ते वाक्य मायनं आयुष्यभर जपलं. शाळेतून बक्षीस मिळावं तसं ती ते सांगायची.

पण इतर घरांतल्या पोटुश्या बाया चाटत होत्या ती ओढ्यावरची ताजी माती होती. माय चाटत होती ते औषध. सरकारचं ऐकलं म्हणून.

महाराष्ट्र झाला तेव्हा मी पहिलीत होते. शाळेत साखरफुटाणे वाटले होते, आणि मास्तरांनी माझ्याकडे पाहून म्हटलं होतं की हिला दोन कमी द्या, ही आधीच फुगलेली आहे. सगळा वर्ग हसला. मीही हसले. मी खरंच गुबगुबीत होते. काटक्यांसारख्या पोरांच्या त्या गावात मी एकटीच भरलेली. खायला सगळ्यांना तेच होतं, ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा. तरी माझे गाल वर आणि दंडाला वळ्या. शेजारची काकू मायला विचारायची, “काय व, काय खाऊ घालून राह्यली पोरीले?”

माय हसून म्हणायची, “म्या जे खाल्लं थेच पुरून राह्यलं तिले.”

गावात माझं नावच पडलं होतं, भिंत खाऊन आलेली. कुस्तीत कुणी मला पाडू शकत नाही म्हणून पोरंही तेच म्हणत. मायला त्यात अभिमान वाटायचा. माझी पोर भरली अंगाची आहे, तिला काही कमी पडलेलं नाही, हे गावाला दिसतं आहे, याहून मोठं सुख तिला ठाऊक नव्हतं. मला तहान फार लागायची. तेही तिनं चांगलंच मानलं. पाणी पिणारं लेकरू आजारी पडत नाही, म्हणायची.

चौथीनंतर मी जळगाव जामोदच्या शाळेत गेले आणि मॅट्रिकनंतर बुलढाण्याला कॉलेजात. ते सोपं नव्हतं. आमच्या गावातून मुलगाही कॉलेजात गेलेला नव्हता. बाबा म्हणाले की मॅट्रिक पुष्कळ झालं. माय तेव्हा बाबांसमोर कमी बोलायची. त्या दिवशी तिनं एवढंच म्हटलं की पोरगी जाईल. आणि मग आठवडाभर तेच म्हणत राहिली, भाकरी थापताना, निंदायला जाताना, बाबांच्या ताटात वाढताना, एकाच आवाजात. आठव्या दिवशी बाबा माझी ट्रंक विकत घेऊन आले.

आज मी जे काही आहे ते त्या आठ दिवसांमुळे आहे, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे.

बुलढाणा वर, घाटमाथ्यावर. हवा थंड, रस्ते लाल, आणि धुक्याच्या सकाळी हॉस्टेलची खिडकी उघडली की आपण ढगात राहतो असं वाटायचं. दर शनिवारी खालून येणाऱ्या एसटीत माझा डबा असायचा. माय गावातून जळगावच्या स्टँडवर माणूस धाडायची, तो कंडक्टरच्या हाती डबा द्यायचा, आणि संध्याकाळी मी वरच्या स्टँडवर उभी राहायची. दोन दिवस टिकतील अशा कडक भाकरी, तिळाची चटणी, आणि कधी कधी गुळाचा खडा. त्या सगळ्या वर्षांत एकही डबा हरवला नाही. कंडक्टर बदलत होते, मला एकाचाही चेहरा आठवत नाही, पण त्यांचे हात आठवतात, खिडकीतून खाली आलेले.

मी रसायनशास्त्र घेतलं होतं. एकदा आमच्या सरांनी फळ्यावर डीडीटीचा रेणू काढला. ते म्हणाले, हे पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. लवकर मोडत नाही. मातीत राहतं, प्राण्याच्या अंगात साठतं, आईच्या दुधात उतरतं. मी ते सगळं वहीत उतरवलं, खाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली, परीक्षेत तो प्रश्न आला आणि मला चांगले गुण मिळाले. आमची भिंत मला आठवलीसुद्धा नाही. वहीतलं एक जग होतं आणि घरातलं दुसरं. दोघांची ओळखच नव्हती.

बी.एस्सी. झाले. मेहकर तालुक्यात डोणगावच्या शाळेत नोकरी लागली, तिथंच शिकवणाऱ्या एका भल्या माणसाशी लग्न झालं. पहिल्या खेपेला मूल तिसऱ्या महिन्यातच गेलं. दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मी कुणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा महिनाभर नाही. सांगितलं तर उडून जाईल असं वाटायचं. हे मूल जगायला हवं, यापलीकडे त्या दिवसांत मला दुसरी इच्छा नव्हती.

सहाव्या महिन्यात शाळेत फळ्यासमोर भोवळ येऊन बसले. नवऱ्यानं बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं तपासणीवाल्यानं परीक्षानळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी ज्योतीवर धरली. मी दारात उभी होते. हे मी स्वतः मुलांना करून दाखवत असे, ग्लुकोज घालून. निळ्याचं हिरवं झालं. मी मनात म्हटलं, इथंच थांब. हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं नारिंगी, आणि मग तळाशी विटेच्या भुकटीसारखा लाल गाळ बसला. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला काही विचारायची गरज नव्हती.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनी विचारलं, घरात साखरेचा आजार कुणाला आहे? कुणालाच नाही, मी म्हटलं. आईला? नाही. आजी, मावश्या? सगळ्या काडीसारख्या, उभा जन्म वावरात राबलेल्या. त्यांनी तपासणीचा कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, इतक्या लहान वयात आणि इतकी, हे मला समजत नाही, पण आहे हे असं आहे. साखर वाढली की पोटातलं मूल जास्त वाढतं, कधी शेवटच्या महिन्यात आतल्या आत जातं. साखर, गूळ, भात बंद. रोज तपासणी. रंग निळ्या-हिरव्याच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. गेला तर त्याच दिवशी इथं यायचं.

सातव्यात मी माहेरी आले. शाळेच्या प्रयोगशाळेतून एक नळी, चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली मागून आणली होती. ती मी माजघराच्या कोनाड्यात ठेवली. रोज सकाळी ओसरीवर बसून तपासणी करायची. पहिल्या दिवशी मायनं तोंडाला पदर लावला. तिसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी येऊन बसली. आठवड्याभरात ती रंग वाचायला शिकली. हिरवं झालं की तिचा श्वास थांबायचा, आणि तिथंच थांबलं की ती उठून चुलीकडे जायची. एकदा पिवळ्याकडे गेलं तेव्हा तिनं मला विचारलं की काल मी काय खाल्लं. मी म्हटलं, तू दिलेलं पिकलं केळं. त्यानंतर घरात केळं आलं नाही, गूळही आला नाही. बाबांनी फिका चहा प्यायचा, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. बाबा प्यायले. गड्याला मात्र त्यांनी सांगितलं की या घरात आता मुंगीबी फिरकत नाही.

ते दिवस मला धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात. हलकं ऊन, अंगणात वाळत घातलेली तूर, पोटात हळू वळणारं मूल. मी फार झोपायची. स्वप्नात मला ओली माती दिसायची. जागी झाले की तोंडाला पाणी सुटलेलं असायचं.

एका दुपारी मायनं विचारलं की काय खावंसं वाटतं. जे जे पोटुश्या बायांना द्यायचं ते सगळं मला वर्ज्य होतं आणि ती नुसती तळमळत होती. लाडू नाही, पुरणपोळी नाही, शिरा नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, ओल्या भिंतीचा वास येतो गं सारखा.

तिचा चेहरा उजळला. आपल्याला देता येईल असं काहीतरी शेवटी निघालं होतं. कणगीमागे खरवडल्याचा आवाज आला. मग ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तळहात पुढे केला. हातावर भिंतीचा एक पोपडा होता. तिनं त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले होते. वास माझ्या नाकात शिरला आणि माझा हात आपोआप पुढे गेला.

पोपड्याची कड मला दिसत होती. पुस्तकाच्या पानांसारखे थर. मातीचा जाड थर, त्यावर पांढुरकी बारीक साय, पुन्हा माती, पुन्हा साय. दर वर्षाची फवारणी आणि तिच्यावर दर वर्षी तीन महिन्यांनी लावलेला मातीचा पोतारा. सगळ्यात आत, विटक्या रंगाचा, माझ्या वर्षाचा थर. वीस-पंचवीस वर्षं त्या भिंतीतून काहीच कुठे गेलेलं नव्हतं. आणि लाल पेन्सिलीची ती रेघ मला दिसली, अगदी वहीच्या पानासकट.

“नको माय.”

“काऊन? यात गोड नाई. म्या जिभीवर ठेवून पाह्यलं.”

“याच्यात औषध आहे. फवारणीचं.”

“थे तं कवाचं उडून गेलं.”

“ते उडत नाही.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मी तिला सांगितलं, सरांनी फळ्यावर सांगितलं होतं तसं, पण साध्या शब्दांत. ते पाण्यानं जात नाही, उन्हानं जात नाही. खाल्लं तर अंगात राहतं. आईच्या अंगातून लेकरात जातं. सांगताना मला कळत होतं की मी काय सांगते आहे, पण वाक्य सुरू झालं होतं आणि मी शिकवणारी बाई होते, मला अर्धवट थांबता आलं नाही.

मायनं हात मागे घेतला. पोपडा तिच्या मुठीत होता.

“मंग तुह्या येळेस?” ती म्हणाली.

मी म्हटलं, “मी आहे ना तुझ्यासमोर. काही झालं नाही.”

ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या मागे कोनाडा होता आणि त्यात ती निळी बाटली होती. ती बाटलीकडे पाहत होती.

तेव्हा मला जेवढं माहीत होतं तेवढ्यापुरतं मी खोटं बोलले नव्हते. ते औषध अंगात राहतं हे मला ठाऊक होतं. ते पुढे काय करतं हे तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं. माझी साखर बाळंतपणानंतरही गेली नाही, आजही मी पोटाला सुई टोचूनच जेवायला बसते. गेल्या काही वर्षांत डॉक्टर मला वेगळंच विचारतात. तुमची आई गरोदर होती तेव्हा कुठं राहत होती, काय खात होती, घरात कसली फवारणी होत असे का. ते म्हणतात, पोटात असताना जे पोचतं ते शरीराला कायमची एखादी चुकीची सवय लावून जाऊ शकतं, आणि ती तीस वर्षांनी दिसते. कदाचित पुढच्या पिढीतही. पण एका माणसाकडे बोट दाखवून हे यामुळेच झालं, असं कुणाला म्हणता येत नाही. माझ्या बाबतीत ती भिंत होती, की आणखी काही, मलाही सांगता येत नाही. एवढं मात्र सांगता येतं की फवारणी सुरू झाल्यावर आमच्या गल्लीतलं एकही लेकरू थंडीतापानं गेलं नाही. हे दोन्ही खरं धरून मला राहावं लागतं.

माझी मुलगी वेळेवर जन्मली. चांगलीच वजनदार होती. डॉक्टरीणबाईंनी तिला दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवली, मग माझ्या मांडीवर दिली. तिला मी दरवर्षी तपासून घेते. ती वैतागते, पण येते. मायला मी पुढं काहीही सांगितलं नाही. ती गेली तोपर्यंत नवीन काही तिनं विचारलंही नाही. तिचा प्रश्न एकदाच विचारून झाला होता, आणि माझ्या उत्तरावर तिचा विश्वास बसला की नाही, ते मला त्या दुसऱ्या दिवसावरून ओळखावं लागतं.

मी पोपडा नाकारला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळी हिरवट निळी झाली. मायनं ती पाहिली आणि मला सांगितलं की काकूकडे जाऊन बस, संध्याकाळपर्यंत येऊ नको. काकूच्या ओसरीवर मी दिवसभर तूर निवडत बसले. आमच्या घराकडून खुरप्याचा आवाज येत होता, मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. काकू म्हणाली, तुह्या मायले काय झालं व, भरल्या घरात भिंत उकरून राह्यली.

उन्हं उतरल्यावर मी गेले. माजघराची भिंत आतल्या दगडमातीपर्यंत उघडी झाली होती. कणगी अंगणात होती. मायनं धूळ उडू नये म्हणून आधी पाणी मारलं होतं, त्यामुळे सगळा चिखल झाला होता, आणि तो अकरा टोपल्यांत भरून तिनं अंगणात रांगेनं ठेवला होता. ती टोपल्यांजवळ उभी होती. कोपरापर्यंत मातीनं माखलेली.

“कुठं टाकू?” तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, उकिरड्यावर. ती म्हणाली, उकिरडा वावरात जातो. ओढ्यात नाही, ओढ्याचं पाणी ढोरं पितात. रस्त्यावर नाही, पोरं खेळतात. तिचा दुपारभर हा विचार करून झालेला होता, तिला माझ्याकडून नवीन काही हवं होतं. गावातली मी पहिली पदवीधर. मी नुसत्या टोपल्या मोजत राहिले. शेवटी बाबा आले, टोपल्या पाहिल्या, काही न विचारता कुदळ घेतली आणि डोंगराकडच्या बरड माळावर, विहिरीपासून लांब, कमरेएवढा खड्डा खणून आले. दोघांनी मिळून अकरा खेपा केल्या.

नवी माती तिनं डोंगराच्या अंगाच्या खोऱ्यातून आणवली. तिकडे घर नव्हतं, वावर नव्हतं, पंपवाले कधी गेले नव्हते. दोन दिवस ती मातीत शेण आणि भुसा घालून तुडवत राहिली. मग भिंतीला थर चढवला, खालपासून वरपर्यंत, तळहातानं. खळगा कुठं होता ते आता ओळखू येत नव्हतं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर फवारणीवाले आले तेव्हा मी लेकीला घेऊन डोणगावला परतले होते. बाबांनी नंतर पत्रातून कळवलं की मायनं माजघराच्या दारात उभं राहून त्यांना ओसरी आणि गोठा दाखवला, आत येऊ दिलं नाही. साहेब नवा होता. त्यानं विचारलं, बाई, सरकारचं ऐकत नाही का? ती म्हणाली की लई ऐकलं.

पण मला आठवते ती त्या थराची पहिली संध्याकाळ. भिंत अजून ओली होती. अंधार पडायच्या आधीचा उजेड दारातून आत आला होता आणि भिंतीवर मायच्या बोटांच्या लाटा दिसत होत्या, एकीवर एक, छतापर्यंत. मला तिनं हाताला धरून आत नेलं, भिंतीपासून वीतभर अंतरावर गोधडी घडी करून टाकली आणि बसायला सांगितलं. स्वतः शेजारी बसली. सगळी खोली त्या वासानं भरली होती, थंड, जड, डोंगराच्या आतल्यासारख्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“नुसता वास घे,” माय म्हणाली. मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, “वासानं काही होत नाई ना?”

“नाही,” मी म्हटलं. “वासानं काही होत नाही.”

तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. मूल वळलं, आम्हा दोघींना एकदमच कळलं. मी डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला, आणि शेजारी मायनंही घेतला.